बीबीओ ओपीओ: रंग हवा तो, रेषा मात्र जाड

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत डाय लेझरच्या (द्रवात विरघळवलेल्या रंगद्रव्यावर चालणाऱ्या लेझरच्या) जागी ओपीओ, म्हणजे ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर आला; लेझरच्या प्रकाशातून हव्या त्या रंगाचा प्रकाश काढणारं हे यंत्र. खरेदीची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुख मोठं आहे. सकाळी 450 नॅनोमीटर तरंगलांबी, जेवणाआधी 589, दुपारी 650. आकडा टाकायचा, मोटर स्फटिक फिरवते, प्रयोग सुरू. पूर्वी एवढ्या पल्ल्यासाठी वेगवेगळे डाय मिथेनॉलमध्ये विरघळवायचे, दरवेळी पंप आणि नळ्या धुवायच्या. विद्यार्थी त्या मिथेनॉलमधून सुटले, याचा मला मनापासून आनंद आहे.

आतली करामत बीबीओ, म्हणजे बीटा बेरियम बोरेट, या स्फटिकाची. एनडी-याग या घन लेझरचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश तिप्पट वारंवारतेला नेऊन 355 करतात आणि तो पंप, म्हणजे ऊर्जा पुरवणारा प्रकाश, म्हणून यात सोडतात. 355 चा एक फोटॉन मोडून दोन होतात, सिग्नल आणि आयडलर. दोघांच्या ऊर्जेची बेरीज मूळ फोटॉनएवढीच, म्हणून सिग्नल 500 असेल तर आयडलर 1220 च्या आसपास पडतो. जोड्या असंख्य शक्य आहेत. त्यातली कुठली वाढेल हे फेज मॅचिंग ठरवतं. बीबीओमध्ये पंपाचा अपवर्तनांक कोनानुसार बदलतो, त्यामुळे एका कोनात एकाच जोडीच्या लाटा पंपाशी पाऊल जुळवून चालतात. काही अंश फिरवलं की दुसरी जोडी. 1965 मध्ये बेल लॅब्जमध्ये जिओर्डमेन आणि मिलर यांनी पहिला ओपीओ चालवला तो लिथियम नायोबेटवर. आमच्यासारख्या यंत्रात 355 चे जोरदार पल्स रोज झेलतो तो बीबीओ.

आता अडचण. साध्या, टाइप-1 रचनेची (सिग्नल आणि आयडलरचं ध्रुवीकरण एकच असलेली) लाइनविड्थ, म्हणजे निघणाऱ्या रंगाच्या रेषेची जाडी, साधारण 5 प्रति सेंटीमीटर (वर्णपटातली रुंदी आणि अंतर मोजण्याचं एकक). सोडियमच्या 589.0 आणि 589.6 या दोन रेषा एकमेकींपासून 17 प्रति सेंटीमीटर लांब, त्या व्यवस्थित सुट्या दिसतात. पण आयोडीनच्या वाफेत हिरव्या भागात रेषा इतक्या दाटीने आहेत की एका पल्समध्ये कितीतरी एकदम उजळतात. तिथे ग्रेटिंगवाला (रंग बारीक निवडणारी रेघांची पट्टी असलेला) डाय लेझर आजही सरस. 710 च्या जवळ, सिग्नल आणि आयडलर सारखे होतात तिथे, रेषा आणखी पसरते; तो भाग आम्ही सरळ टाळतो. बीमही एका दिशेत जास्त फाकतो, बारीक फायबरमध्ये घालताना बरीच ऊर्जा वाया जाते.

बीबीओ थोडा ओलावा शोषतो. पावसाळ्यात रात्री एसी बंद ठेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. पेटी बंद, सिलिका जेल ताजं, डीह्युमिडिफायर चालू. पृष्ठभाग धुरकट झाला की त्याच जागी पल्सने जळतो, आणि नवा स्फटिक स्वस्त नाही.

फोटोअकूस्टिक (प्रकाश शोषल्यावर उठणारा आवाज मोजणं), फ्लुरोसन्स, द्रवातलं शोषण असं काम असेल तर हा ओपीओ बिनधास्त घ्या. वायूच्या एकेका रेषेवर काम असेल तर अरुंद लाइनविड्थच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे आताच मंजूर करून घ्या. आणि पुरवठादाराच्या पत्रकावरचा ऊर्जेचा मोठा आकडा त्याच्या सर्वांत सोयीच्या तरंगलांबीचा असतो; तुमच्या तरंगलांबीला किती मिळते ते स्वीकृती चाचणीत मोजून द्यायची अट करारात घाला.