पोटातली पेग नळी: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या मालवणातल्या खानावळीच्या थाळीला लोक मोबाइलवरून तारे देतात. एकाने "सोलकढी पाणचट" असं लिहिलं होतं, ते मला अजून झोंबतं. आता माझी पाळी. नऊ महिने पोटात पेग आहे, म्हणजे पोटावरच्या भोकातून थेट जठरात जाणारी नळी, जेवण तिच्यातूनच जातं, तेव्हा तिला नावं ठेवायचा हक्क माझा. बोलता येत नाही, पण उजव्या हाताची बोटं अजून ऐकतात.

आजार एएलएस, त्यातला बल्बर. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बहुतेकांचं हातापायांपासून सुरू होतं, साधारण चारातल्या एकाचं जीभ-घशापासून, तो बल्बर. माझं आरतीत सुरू झालं. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत "घालीन लोटांगण" म्हणताना 'लोटांगण' काही केल्या तोंडातून निघेना. जाऊबाई म्हणाल्या, उपासाने थकलीस गो. मग दाढेवर कॅप बसवून झाली, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, कुणी म्हणालं छोटा झटका येऊन गेला असेल. एमआरआय साफ. अकरा महिन्यांनी सुया टोचून ईएमजी, म्हणजे स्नायूंमधल्या विजेची तपासणी केली तेव्हा नाव कळलं. तोवर गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली होती, वहिनी हल्ली दुपारचीच घेतात वाटतं.

रिलुझोलची गोळी चालू आहे, ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बरं करत नाही, काही महिने पुढे ढकलते. लिव्हर तपासत राहावं लागतं. त्यावर एवढंच.

नळीआधीचं जेवण सांगते, कारण नळी घ्यावी की नाही हे तिथेच ठरतं. या आजारात पातळ ते वाईट आणि दाट ते बरं. सोलकढी, ताक, साधं पाणीसुद्धा श्वासनळीत उतरतं. नाचणीची घट्ट आंबील किंवा गुरगुट्या भात जातो. हनुवटी छातीकडे घेऊन गिळायचं. मी तेही केलं. एका वाडग्याला सव्वा तास लागायचा, आणि प्रत्येक ठसक्याला आमचे हे पाठीमागे येऊन उभे राहायचे. अकरा किलो वजन गेलं. डॉक्टर सांगत होते, आत्ताच बसवून घ्या, श्वासाची क्षमता ५० टक्क्यांखाली गेली की दुर्बिणीतून नळी बसवणंही जोखमीचं होतं. मी म्हणायची, अजून खातेय की. खात कसली होते, लढत होते. तीन महिने फुकट घालवले. या अनुभवात एकच ओळ वाचायची असेल तर ही वाचा: खाता येत असतानाच बसवा.

बसवली बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, गोव्यात. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना मोठं काही झालं की तेच. तोंडातून दुर्बीण जाते, पोटावर छोटंसं भोक. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं, मग दूध. दोन दिवस दुखलं, चिमट्यासारखं. पहिल्यांदा मोठ्या सिरिंजने पेज सरसर आत गेली आणि पोट भरलं, तेव्हा मी रडले. मग लगेच हसायला लागले, थांबताच येईना. हा आजारच असा, हसणं-रडणं आपल्या हातात राहत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या बाराव्याला मी खदाखदा हसले होते. त्यांच्या सुनेला नंतर चिठ्ठी लिहून समजावलं.

रोजचा वापर. आधी पाणी, मग जेवण, मग परत पाणी, नाहीतर नळी तुंबते. पाठ उंच करून बसायचं आणि नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. पहिल्या महिन्यात झिलाने प्रेमाने कुळथाची पिठी केली आणि चहाच्या गाळणीतून गाळली. झाली की नळी बंद! कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करून अर्ध्या तासाने सुटली. कोणी कोल्ड्रिंक ओतायला सांगतं, ओतू नका, आतलं दूध फाटून आणखी घट्ट होतं. आता सगळं सुती फडक्यातून दोनदा गाळतो. नळी चुकून निघाली तर तासाभरात डॉक्टरकडे पळा, भोक भराभर मिटतं. माझी अजून निघालेली नाही.

पावसाळ्यात मात्र हैराण केलं. जुलैत भिंतींबरोबर मलाही बुरशी आली. नळीभोवती लाल, ओलसर, खाज. जाड गॉझचा ढीग बांधत होतो ती चूक होती. धुवायचं, कोरडं पुसायचं आणि उघडं ठेवायचं, हे इथल्या नर्सताईंनी सांगितलं आणि आठवड्यात फरक पडला.

नळीकडून जे होत नाही तेही सांगते. लाळ तिच्या हातात नाही. लाळ घशात साचते, रात्री तीच जीव घाबरवते. त्याला लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन लागतं आणि मशीनला वीज, आणि आमच्याकडची वीज पहिल्या सरीला जाते. तौक्ते वादळानंतर, म्हणजे २०२१ ला, खानावळीतल्या फ्रीजसाठी इन्व्हर्टर घेतला होता. तो आता माझ्या उशाशी आहे आणि बांगडे बर्फात. पायाने चालणारं सक्शनही मिळतं, एक घरात ठेवाच.

चवीचं विचारू नका. तिरफळाचा वास किचनमधून येतो आणि मी खुणेनेच सांगते, दोन जास्त झाली.

आता ज्यावर घरात भांडण झालं ते. श्वासाचे स्नायू जातील तेव्हा गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायचा का? मला नको. धाप लागू नये म्हणून मॉर्फिन चालेल, मास्कचं मशीन चालेल, आणि शुद्ध हरपली की या नळीतून जेवणही नको. इंजेक्शन देऊन मरण आपल्याकडे कायद्यात नाही. पण नको असलेले उपचार थांबवायचं आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली, आणि २०२३ पासून न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं बघून ठरवतात, म्हणजे कागद दाखवला की लगेच प्लग काढला असं नाही.

नोटरीने माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "ह्यांका समाजता मां सगळा?" मी मोबाइलवर टाइप केलं, मोबाइलने ते एसटी स्टँडवरच्या बाईच्या आवाजात वाचलं: "तुमची मागल्या शिमग्यापासूनची दोन थाळ्यांची उधारी आहे." सही झाली.

आमच्या ह्यांचं मात्र, "असला अभद्र काय लिवक नको." ज्याने माझ्या वतीने बोलायचं त्याचं नाव कागदात लागतं, तिथे त्यांचंच आहे. तीन दिवस बोलले नाहीत, मग सिरिंज भरता भरता म्हणाले, घाल नाव. कागद त्यांनी माझ्या पैठणीखाली ठेवलाय. मी म्हणते फ्रीजवर लावा, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला रात्री पैठणी कशी सापडणार. गणपती झाले की लॅमिनेट करून आणतो म्हणतात.