पाइप बनताना डोळ्यांनी पाहिले, तरी फसलो

काटोल भागात आम्हा चौघांच्या संत्र्याच्या बागा. नाल्याकाठच्या विहिरीतून वर पंधरा मीटर पाणी चढवायचं होतं, म्हणून तीनशे मिमीचे पी-२ वर्गाचे, म्हणजे पाण्याचा दाब सोसणारे, आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) पाइप ठरवले. नागपूरच्या विक्रेत्याने आधी कारखाना दाखवला. सळ्यांच्या पिंजऱ्यावर तारेचे वेढे दोन-दोन बोटांवर. पिंजरा साच्यात ठेवून साचा गरगर फिरवत होते, आत काँक्रीट टाकलं की ते भिंतीला घट्ट दाबून बसायचं आणि जास्तीचं पाणी आतल्या बाजूला सुटायचं. बाजूच्या हौदात पाइप पाण्यात मुरत होते. मन भरलं. तिथंच सत्तर टक्के रक्कम दिली, तीही कच्च्या पावतीवर.

माल आला तो त्या कारखान्याचा नव्हताच! पाइपवर ब्रशने ‘पी-२’ लिहिलेलं, ना कारखान्याचं नाव, ना तारीख.

जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडायला, म्हणजे फुलोऱ्यासाठी तहानलेल्या ठेवलेल्या झाडांना पुन्हा पाणी द्यायला, पंप लावला. आधी पाइपला घाम फुटल्यासारखं झालं, मग सातवा पाइप उभा चिरला. तुकडा हातात घेतला तर तारेचे वेढे चार-चार बोटांवर, आणि काँक्रीट नखाने खरवडलं तरी निघत होतं. विक्रेता म्हणे, “भाऊ, तुम्ही मोटारच जास्त ताकदीची लावली.”

हे खोटं आहे. आयएस ४५८ या काँक्रीट पाइपांच्या भारतीय मानकाप्रमाणे पी-२ पाइपची चाचणी चौरस सेंटीमीटरला चार किलो दाबावर होते आणि पंपाच्या लाइनवर त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे दोन किलोपर्यंत, तो चालतो. आमची पंधरा मीटरची चढण म्हणजे जेमतेम दीड किलो दाब. एनपी म्हणजे बिनदाबाचा पाइप, नालीसाठीचा, त्याची चाचणीच ०.७ किलोवर. आम्हाला तोच रंगवून दिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून सांगतो, कारखाना पाहून पैसे देऊ नका. ट्रकमध्ये चढणाऱ्या पाइपांतला एक स्वतः निवडा आणि तुमच्यासमोर दोन्ही तोंडं बंद करून दाबावर तपासून घ्या. आयएसआय खुणेखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कारखान्याचा परवाना क्रमांक, मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा. पक्क्या बिलावर वर्ग लिहून घ्या. आमच्याकडे तसं बिल असतं, तर आज तक्रारीला आधार राहिला असता.

चिरलेला तुकडा धुऱ्यावर ठेवला आहे. पाइप घ्यायच्या आधी कुणाला पाहायचा असेल, तर वावरात या.