स्पिटफायरचं मॉडेल घ्यायचं, पण 1:72 की 1:48?

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा खरा पसारा 11.23 मीटर. 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या प्रमाणात, तो साडेपंधरा सेंटीमीटर होतो, म्हणजे मॉडेल तळहातावर मावतं. 1:48 मध्ये साडेतेवीस. कागदावर हा फरक दीडपटीचा वाटतो, पण आकारमान जवळजवळ 3.4 पट वाढतं आणि हातात घेतल्यावर ते लगेच कळतं. जस्ताच्या मिश्रधातूचा तो थंड भरीवपणा हेच तर डायकास्टचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या मॉडेलचं, खरं सुख!

बारकावे पाहायचे तर 1:48 ला तोड नाही. कॉकपिटमधलं सीट, वैमानिकाचे पट्टे, एक्झॉस्टचे नळकांडे सगळं नीट दिसतं. 1:72 मध्ये पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा कधीकधी खऱ्या प्रमाणापेक्षा जाड वाटतात, चाकांचे दांडेही जाडसर.

तरीही मी 1:72 च्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण लँकेस्टर. या बॉम्बरचे पंख 31 मीटरचे. 1:72 मध्येच ते 43 सेंटीमीटर भरतात, 1:48 मध्ये 65 च्या घरात. आपल्या घरांतलं कोणतं काचेचं कपाट तेवढं खोल असतं? स्पिटफायरशेजारी त्याच प्रमाणातलं लँकेस्टर ठेवलं की त्या चार इंजिनांचा अवाढव्यपणा डोळ्यांत भरतो. प्रमाणं मिसळली की ही गंमतच जाते.

एकच विमान, तेही टेबलावर ठेवायचं असेल, तर मात्र बेलाशक 1:48 घ्या.