अ‍ॅक्सिलरेटरला ११ महिने झाले, पण माझा संताप अजून लाकडी पेटीवरच आहे

काल बेळगावच्या उद्यमबागेतून आमचं तिसरं काजू फोडायचं यंत्र नायजेरियाला निघालं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरमध्ये जावं की नाही, यावर लिहायला बसलो. बंगळूरच्या एका अ‍ॅक्सिलरेटरमध्ये आम्ही ४ महिने होतो. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे नव्या कंपन्यांना काही महिने मार्गदर्शन आणि ओळखी देऊन बदल्यात कंपनीत हिस्सा घेणारी संस्था. आमचा ३ टक्के हिस्सा गेला.

दर आठवड्याला रात्रीच्या बसनं ५०० किलोमीटर जायचं आणि गुंतवणूकदारांसमोरचं भाषण घोटायचं. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा अनगोळच्या सुतारमामांनी आंब्याच्या फळ्यांची दणकट पेटी करून दिली. न्हावा शेवा बंदरात कस्टमचे कागद बघणाऱ्या क्लिअरिंग एजंटनं फोटो बघून लगेच फोन केला, "साहेब, लाकडावर शिक्का कुठाय?" परदेशी जाणाऱ्या अखंड लाकडाच्या पेटीला आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायचं, म्हणजे आतली कीड मरते. पेटी फोडली, नवी केली, १९ दिवस गेले. चार महिन्यांत एकाही मार्गदर्शकानं पेटीचा विषय काढला नव्हता! तेव्हा कुणी विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं, असल्या ठिकाणी जाऊ नका.

आता तसं सांगणार नाही. एक तर, तिथल्याच आधीच्या बॅचमधल्या एका ताईंनी फोनवर बजावलं होतं, "आधी फॉर्म एम, मग माल." फॉर्म एम म्हणजे नायजेरियात माल आणण्यासाठीचा अर्ज; तो तिकडच्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या बँकेतून करायचा असतो आणि त्यासाठी आपल्या मालाचं, सोनकॅप या तिकडच्या दर्जा तपासणी योजनेतलं उत्पादन प्रमाणपत्र लागतं. हे कळलं नसतं तर यंत्र लागोसच्या बंदरात अडकलं असतं.

दुसरं, एका मार्गदर्शकानं हट्टानं गिऱ्हाइकाकडून १०० बियांची मापं मागवायला लावली. बी आपल्या खानापूर-चंदगडच्या बीपेक्षा बारीक निघाली. पात्यांमधलं अंतर आम्ही इथंच कमी केलं. नाहीतर बारीक बीचं टरफल नीट कापलंच गेलं नसतं. या एका सल्ल्यासाठी ३ टक्के गेले याचं मला आता दुःख नाही.

आयात-निर्यात कोडसाठी, म्हणजे परदेशी माल पाठवायला लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी मात्र कुणाला हिस्सा देऊ नका. तो ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो.

कालची पेटी सुतारमामांनीच केली, प्लायवूडची. प्लायवूड बनतानाच तापवून-दाबून चिकटवलेलं असतं, म्हणून त्याला शिक्का लागत नाही. खालचे टेकू तेवढे शिक्क्याच्या लाकडाचे आणले.