म्हापशाच्या बाजारातली लाकडी खेळणी, घेऊन दोन महिने झाले

शुक्रवारच्या बाजारात एक कुटुंब बसतं, काका लेथवर काम करतात, काकी रंग बघतात आणि मुलगी गिऱ्हाईक आणि गुगल पे सांभाळते. भाचीच्या वाढदिवसासाठी भोवरा, ढकलगाडी आणि छोटी भातुकली घेतली, सगळं मिळून ८५० रु.

लाखेचं काम एक नंबर आहे. काका सांगत होते की लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घासून जी गरमी होते तिच्यानेच लाख वितळून बसते, वेगळा ब्रश नाही की काय नाही, आणि मग केवड्याच्या पानाने चमक आणायची. आपल्या दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचं पण हेच लाखकाम, पण आता किती घरं करतात देव जाणे.

तक्रार एकच, गाडीचं एक चाक आठवड्यात ढिलं झालं. पुढच्या शुक्रवारी नेली तर काकांनी कुसू, म्हणजे चाक अडकवणारी खुंटी, बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण मुलीला जरा ओरडले, तपासून का दिली नाही म्हणून, मलाच कसंतरी झालं.

२०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, ते विचारलं तर काकी म्हणाल्या, हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे, आणि कार्डच काढून दाखवलं.

घासाघीस करू नका प्लीज. आणि सकाळी लवकर जा, भोवरे अकरापर्यंत संपतात.