२ लिटरचा स्टीलचा ग्राउलर: ८ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत, ऐन पावसात, मी २ लिटरचा दुहेरी भिंतीचा स्टीलचा ग्राउलर घेतला. आज ८ महिने होत आले. एवढ्या काळात तो २६ वेळा भरून आणला. आकडा नेमका सांगू शकते, कारण प्रत्येक खेपेची नोंद वहीत आहे: कोणती बिअर, किती वाजता भरली, किती वाजता उघडली, वास कसला आला. घेण्याआधी मला जे जाणून घ्यायचं होतं ते मराठीत कुठेच सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ग्राउलर म्हणजे मायक्रोब्रूअरीतून, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ठिकाणाहून, ताजी बिअर घरी आणायचं घट्ट झाकणाचं भांडं. लहानपणी डेअरीत दुधाची किटली घेऊन जायचो, तसाच प्रकार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारने मायक्रोब्रूअरींना अशी बिअर घरी न्यायला द्यायची परवानगी दिली, तेव्हा पुण्यात बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पुण्याला क्राफ्ट बिअरची, म्हणजे अशा छोट्या ठिकाणी बनवलेल्या बिअरची, ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. डूलाली इथे २००९ मध्ये सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी ती एक. ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं आहे हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरायची, त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

मी ग्राउलर का घेतला, तर मला बिअर नीट समजून घ्यायची होती आणि ते ब्रूअरीत बसून जमत नव्हतं. तिथे गाणी जोरात, उजेड कमी, शेजारच्या टेबलावर तळलेल्या पदार्थांचा वास. मित्रमंडळींबरोबर मजा येते, नाक मात्र काम करत नाही. घरी, दिव्याच्या स्वच्छ उजेडात, गप्प बसून एक ग्लास तासभर पुरवावा एवढीच इच्छा होती. ती या भांड्याने पूर्ण केली. आणि एक गोष्ट अनपेक्षित घडली: बिअर घरी आली ती थेट स्वयंपाकघरात आली.

पहिल्या खेपेला हेफेवायझन आणली होती, म्हणजे गव्हाची, गढूळ दिसणारी जर्मन पद्धतीची बिअर. आई आमच्याकडेच राहते. ती पीत नाही, आयुष्यात कधी प्यायलेली नाही. मी ओट्यापाशी ग्लास भरत होते आणि ती टेबलाशी बसून भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “शिकरण केलीस का गं?” मी ग्लास तिच्या नाकाशी नेला. तिने एकदा वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. “लवंग टाकलीय. शिकरणीत कोणी लवंग टाकतं का? वेलदोडा टाकतात.”

मी त्याआधी वर्षभर हेफेवायझन पीत होते. केळ्याचा वास येतो हे मला माहीत होतं, लवंग मात्र कधीच सापडली नव्हती. आईने दोन वेळा नाक लावून ती काढून दिली. त्या बिअरमध्ये ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास यीस्टचे. आंबवताना ते यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, आणि पिकल्या केळ्यातही मुख्यतः तोच पदार्थ दरवळतो. लवंगेसारखा वास ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. ब्रूअर कोणत्या तापमानाला आंबवतो त्यावर केळं पुढे की लवंग पुढे हे बरंचसं ठरतं. हे सगळं मी नंतर वाचलं. शिकरण आणि लवंग आधी कळली होती, म्हणून ते डोक्यात बसलं.

तेव्हापासून वहीत मी इंग्रजी शब्द लिहिणं सोडलं. कॅरमल, बिस्किट, सिट्रस असले शब्द मी वाचून लिहीत होते, नाकाने लिहीत नव्हते. आता वहीत ताक आहे, ओली माती आहे, मोसंबीची साल आहे, पावसाळ्यात न वाळलेला टॉवेल आहे (ती बिअर बिघडलेली होती).

दिवाळीतली नोंद मला सगळ्यात प्रिय आहे. आई चकलीची भाजणी भाजत होती आणि फ्रिजमध्ये आदल्या संध्याकाळी आणलेला स्टाउट होता. उडदाची डाळ कढईत जरा जास्त वेळ राहिली. करपली नाही, पण आईच्या चेहऱ्यावर नाराजी आली, इतपत. तो वास आला आणि मी तिथेच ग्लास काढला. तोच वास! स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो भाजलेल्या बार्लीतून, आणि ती बार्ली अशीच, करपायच्या अगदी अलीकडेपर्यंत भाजलेली असते. आईला मी माल्ट म्हणजे काय तेही तेव्हाच सांगितलं: बार्ली भिजवायची, मोड आणायचे, मग गरम हवेत वाळवायची. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात, ती पुढे गरम पाण्यात पिठूळ भागाची साखर करतात आणि ती साखर यीस्ट खातं. “म्हणजे नाचणीसत्त्व,” आई म्हणाली. अगदी तेच. मला लहानपणी तिने तेच करून भरवलंय, फडक्यात मोड आणून, सावलीत वाळवून.

आता भांड्याबद्दल.

प्रवासात हे भांडं उत्तम आहे, यात शंका नाही. मी कल्याणीनगर किंवा मुंढव्याहून कोथरूडला रिक्षाने येते. शुक्रवारी संध्याकाळी तास-सव्वा तास सहज जातो. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा मी आणि माझा दीर एकाच वेळी एकच बिअर भरून निघालो, माझा स्टीलचा आणि त्याचा तपकिरी काचेचा. घरी आल्यावर स्वयंपाकाचा थर्मामीटर लावला. नळातून ४ अंशांना निघालेली बिअर स्टीलमध्ये ५ होती, काचेत १२. काचेतली ओतली तर अर्धा ग्लास फेस. स्टीलमध्ये उजेडही शिरत नाही, आणि हॉप्सला, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांना, उजेडाचं वावडं आहे. उन्हात राहिलेल्या हिरव्या बाटलीतल्या बिअरला जो उग्र, गंधकासारखा वास येतो तो त्यातूनच.

पण फ्रिजमध्ये ठेवल्यावर स्टीलचा काही विशेष फायदा नाही. पुढच्या खेपेला आम्ही दोन्ही ग्राउलर न उघडता ५ दिवस ठेवले. उघडल्यावर चौघांनी डोळे मिटून चाखलं, कोणालाच फरक सांगता आला नाही. ब्रूअरी घरापासून १० मिनिटांवर असेल तर काचेचा घ्या, निम्म्याहून कमी पैसे लागतील. मला याचे अडीच हजारांच्या आसपास पडले.

आणि दुहेरी भिंत आहे म्हणून बिअर टिकते असं अजिबात समजू नका. थंड राहते, ताजी राहत नाही. हे मी एका आयपीएवर, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या कडसर बिअरवर, नीट तपासलं. शुक्रवारी रात्री ८ वाजता उघडली तेव्हा मोसंबीची साल, कच्ची कैरी, थोडं देवदारी लाकूड असा वास खोलीभर गेला. अर्धी संपली, झाकण घट्ट लावून उभा फ्रिजमध्ये ठेवला. शनिवारी रात्री कैरी गेली होती, साल होती, बोटभर फेस आता जेमतेम नखभर. रविवारी दुपारी वास शोधावा लागला. कडूपणा मात्र जसाच्या तसा, उलट बाकी काही नसल्यामुळे जास्तच बोचणारा. सोमवारी ग्लासभर उरली होती ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, ओतून दिली.

याचं कारण हॉप्समध्ये आहे. वास देणारी तेलं उडून जाणारी असतात, म्हणून ब्रूअर ती वाचवायला हॉप्स उकळीच्या शेवटी किंवा आंबवून झाल्यावर टाकतो. कडूपणा येतो तो बराच वेळ उकळून बदललेल्या आम्लांमुळे, आणि तो टिकाऊ. ग्राउलर उघडला की आतला वायू जातो, बाहेरची हवा येते, आणि हवेतला ऑक्सिजन आधी त्या वासावर तुटून पडतो. गव्हाच्या बिअरचं वेगळं. तिच्यात मुळातच वायू जास्त, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी बेचव, सपाट होते. स्टाउट सगळ्यात सोशिक, दोन दिवस छान राहतो.

भरणं हा भांड्याइतकाच महत्त्वाचा भाग. नळाला नळी जोडून ती तळापर्यंत सोडायची आणि खालून वर, फेस अगदी तोंडाशी येईपर्यंत भरायचं, लगेच झाकण. फेस येऊन झाकणाखाली राहिला म्हणजे तिथे हवा राहिली नाही. चांगल्या ठिकाणी आधी कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवाही बाहेर काढतात. एका ठिकाणी मात्र नळाखाली तिरपा धरून धबधब्यासारखी ओतली, फेस ओसंडला, पुसून झाकण लावून दिलं. मी काही बोलले नाही. घरी येऊन किचनच्या काट्यावर ठेवला. रिकाम्या ग्राउलरचं वजन १ किलो ४० ग्रॅम आहे, ते मी लिहून ठेवलं होतं. भरलेला निघाला २ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे दीड लिटरच्या थोडी वर बिअर, पैसे २ लिटरचे. स्टीलमधून काही दिसत नाही, हा याचा खरा तोटा. आता मी भरताना समोर उभी राहते, नळी आहे का विचारते आणि हातात घेऊन वजनाचा अंदाज घेते. वाईट कोणी वाटून घेत नाही. उलट, विचारलं की बहुतेक ठिकाणी बिअर भरणारा माणूस आनंदाने सांगतो की पिंप कधी लावलं, काय नवीन आहे. दुसरीकडून घेतलेला ग्राउलर भरून न देणारी ठिकाणंही आहेत, निघण्याआधी फोन करा.

आदल्या रात्री त्यात फ्रिजचं पाणी भरून ठेवते, निघताना ओतते. कोमट स्टीलमध्ये थंड बिअर पडली की फेसच फेस.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो झाकणाच्या रिंगने. कुकरच्या रिंगसारखीच सिलिकॉनची रिंग आहे, आणि कुकरच्या रिंगसारखाच तिला वास धरतो. सप्टेंबरमध्ये कोकम घातलेली गोझा आणली होती. गोझा ही लाइपझिगकडची जुनी आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धणे असतात, त्यामुळे कोकम तिच्यात इतकं घरचं वाटतं की आईनेही म्हटलं, हे अमृतकोकम आहे. पुढच्या आठवड्यात साधी फिकट लागर आणली आणि तिला मागून कोकमाचा आंबूस वास! भांडं स्वच्छ होतं, रिंग काढून हुंगली तेव्हा कळलं. आता प्रत्येक वेळी रिंग काढते, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवते, मग स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर उघडी ठेवते. आत लांब ब्रश लागतो, हात जात नाही. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण मी पूर्ण बंद केला, तो वास पुढच्या बिअरला लागतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं गरम पाणी. झाकण लावून कधीच ठेवायचं नाही, कोंदट वास येतो. एवढं करूनही सहाव्या महिन्यात रिंग सैल पडली आणि रिक्षात पिशवी ओली झाली. जास्तीची रिंग सोबत मिळत नाही, ती द्यायला हवी होती.

फ्रिजच्या दारात हा मावत नाही. आम्ही एक कप्पा काढला. आडवा ठेवू नका, गळतो.

ग्लासबद्दल थोडं, कारण त्याशिवाय बाकीचं वाया जातं. दुधाचा ग्लास बिअरला वापरू नका, स्निग्धाचा पातळ थर राहिला तरी फेस लगेच विरतो. आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या संपवू नका. अगदी गार असताना जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. स्टाउट ओतून १५ मिनिटं ठेवला की तो बोलायला लागतो.

मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट आकाराची. २ लिटर चौघांसाठी योग्य आहे. आम्ही घरात पिणारे दोघंच. बिअर उद्या मरणार हे माहीत असलं की आज संपवायचा मोह होतो, आणि हा छंद तसा करायचा नाही. पहिल्या दोन महिन्यांत तसं झालं, मला ते आवडलं नाही. आता दीर-जाऊ येणार असतील तरच हा निघतो. दोघांसाठी घ्यायचा असेल तर १ लिटरचाच घ्या, आज मी तोच घेतला असता. महाराष्ट्रात बिअरला वय २१ पूर्ण लागतं आणि परमिटही, ते काढून ठेवा.

परवा नवी रिंग आली. बसवून, पाणी भरून, पालथा करून रात्रभर ओट्यावर ठेवला, खाली कोरडं फडकं. सकाळी फडकं कोरडंच होतं. या शुक्रवारी दीर-जाऊ येत आहेत. आईने विचारलंय, “या वेळी कसली?” आंब्याचा मोहोर आलाय, म्हणून आयपीए.