दुकान लिनक्सवर नेलं, त्याला दहा महिने झाले

संक्रांतीच्या आठवड्यात, जानेवारी 2025 मध्ये, दुकानातल्या मुख्य मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम. आता दिवाळीही होऊन गेली. मधल्या काळात फार्मर आयडीची झुंबड झाली, पीक विम्याचा जुलै गेला, लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली आणि एका पावसात वीज मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेऊन गेली. दोन दिवस वापरून पाच तारे देणाऱ्यांपैकी मी नाही, म्हणून इतके दिवस लिहायचं टाळलं.

दुकान म्हणजे दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात बसस्टॉपजवळची दहा बाय बाराची पत्र्याची खोली. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, पासपोर्ट फोटो. मशीन असेंबल केलेली: इंटेलचा आय3-2120, म्हणजे दुसरी पिढी, 2011 ची. रॅम 4 जीबी आणि घरघर करणारी हार्ड डिस्क. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे आधीच जाहीर होतं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची किमान आठवी पिढी. आमची मशीन सहा पिढ्या मागे. नवीन घ्यायची तर पंचवीस-तीस हजार. इथे गिऱ्हाईक दहा रुपयांच्या झेरॉक्सचे आठ देऊन 'राहू दे ना भाऊ' म्हणतं, तिथे ते तीस हजार कुठून काढू?

मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. ती उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि 2029 पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत, हे बघूनच घेतली. सोबत जुन्या हार्ड डिस्कऐवजी 240 जीबीची एसएसडी लावली आणि जुन्या मार्केटमधून रॅमची एक पट्टी आणून 8 जीबी केली. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास. आता खरं सांगतो, मशीन पळायला लागली त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं. 'लिनक्स टाकलं आणि जुनी मशीन नवी झाली' असे व्हिडिओ बनवणारे हे सांगत नाहीत. ती एसएसडी आधीच्या सिस्टीमला लावली असती तरी फरक पडला असता. पण सपोर्ट वाढला नसता.

पहिल्याच आठवड्यात शेजारचे काकाजी सातबारा काढायला आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काहून गा, मशीन बदलवली काय?"

"नाही काकाजी, फक्त आतलं बदलवलं."

"मंग आता पैसे वाढवशीन तू."

गिऱ्हाइकाला सिस्टीमशी तेवढंच घेणंदेणं. ब्राउझर तोच, पोर्टल तीच, आणि सकाळी अकराला सर्व्हर बसतो तोही तसाच बसतो.

मराठी टायपिंगचं भय होतं, ते वाया गेलं. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड सिस्टीममध्येच आहे, मराठी भाषा जोडली की झालं. 'शेतकऱ्याचा' मधला ऱ्य काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. अगदी ठाकठीक उमटतो. त्रास झाला तो जुन्या फायलींचा. गेल्या बारा वर्षांतले अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकेचे मजकूर कृतिदेवमध्ये पडून आहेत. कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारा, नाही; आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की 'अर्जदार' च्या जागी नुसता कचरा दिसतो. फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्यावर फायली उघडल्या. पण वर्डच्या जागी वापरतो त्या लिब्रेऑफिसमध्ये ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. सही एकटीच दुसऱ्या पानावर. यावर मार्ग एकच: जे रोज लागतं ते नव्याने युनिकोडमध्ये टाइप करून ठेवायचं. मी साठेक नमुने केले. बाकीचे तसेच आहेत.

आता प्रिंटर. इथे मी जवळपास हरलो होतो.

आमच्याकडचा छोटा लेझर प्रिंटर तालुक्यातल्या दर दुसऱ्या दुकानात दिसतो. टोनर स्वस्त, रिफिल करणारा पोरगा महिन्यातून एकदा गावात येतो. पण या प्रिंटरला स्वतःचा मेंदू नाही. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरच्या पोटात छोटा प्रोसेसर असतो. त्याला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टमध्ये 'इथे हे अक्षर, इथे ही रेघ' असं सांगितलं की पान तो स्वतः तयार करतो. स्वस्त प्रिंटरमध्ये हे काम कॉम्प्युटरवर ढकललेलं असतं. पानातला एकूण एक ठिपका आपल्या प्रोसेसरने काढायचा आणि कंपनीच्या खासगी बोलीत प्रिंटरला कळवायचा. ती बोली कंपनीने उघड केलेली नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाय, पण तो जुना, 32 बिटच्या काळातला. लाइट जाऊन आली की तो मुकाट मरून पडायचा. आणि आमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे मोजायचं आम्ही सोडून दिलंय.

फेब्रुवारीत फार्मर आयडीसाठी ओट्यावर तीस-चाळीस माणसं बसलेली आणि प्रिंट निघेना. पेन ड्राइव्ह घेऊन मी चौकातल्या दुसऱ्या दुकानात धावलो. तो माझा प्रतिस्पर्धी. त्याने एका प्रिंटचे पाच रुपये घेतले, आणि हसला. त्या दिवशी लिनक्सला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या हे मार्चमध्ये कळलं. अमरावतीहून एका ऑफिसातून निघालेला जुना नेटवर्क प्रिंटर आणला, पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट दोन्ही समजणारा, पाच हजार दोनशेला. केबल लावली, मिंटने आपणहून ओळखला, कोणतीही सीडी नाही की ड्रायव्हर नाही. तेव्हापासून आजपर्यंत प्रिंटसाठी मी खुर्चीवरून उठलेलो नाही. लिनक्सवर जायचा विचार करणाऱ्याने आधी प्रिंटर बघावा, कॉम्प्युटर नंतर.

अंगठ्याच्या मशीनला मात्र असा उपाय निघाला नाही. आधारची पडताळणी करणारं यंत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि ठसा यंत्रातून बाहेर पडतानाच कुलूपबंद होतो. ते काम करणारं सॉफ्टवेअर यंत्र बनवणाऱ्याने द्यायचं. माझ्या यंत्रासाठी ते विंडोजला आहे, अँड्रॉइडला आहे, लिनक्सच्या डेस्कटॉपला नाही. फोन केला तर उत्तर आलं, "लिनक्स सपोर्टेड नहीं है." मग यंत्र ओटीजी केबलने फोनला लावलं आणि तिथून काम सुरू केलं. अँड्रॉइडच्या पोटात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोणता? लिनक्सचाच. म्हणजे ज्या कर्नलला हे लोक नाही म्हणतात, त्याच कर्नलवर त्यांचं ॲप माझ्या खिशात रोज अंगठे घेतंय. दहा महिन्यांत या कर्नलने मला एकदाही अडवलं नाही. अडवलं ते त्याच्याभोवती लावलेल्या कुलपांनी. ही एक गोष्ट कळायला मला चौकातल्या त्या दुकानदाराला बरेच पाच-पाच रुपये मोजावे लागले.

मागच्या टेबलावर पोरांच्या टायपिंग सरावासाठी आणखी जुनी मशीन आहे, कोअर टू ड्युओ ई7500, रॅम 2 जीबी. तिच्यावर डेबियन 12 हे दुसरं लिनक्स टाकलं, हलक्या एलएक्सडीई डेस्कटॉपसोबत. सरावापुरती छान. पण भरतीचं पोर्टल उघडलं की धाप लागते. सिस्टीम हलकी असून काय उपयोग, वेबसाइटी बैलगाडीत ट्रॅक्टरचा माल भरतात.

या मशीनवर एक दिवस सहज टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड मारली. प्रोसेसरची कुंडलीच समोर येते, आणि खाली त्यातल्या खोटींची यादी. त्यात मेल्टडाउन. जानेवारी 2018 मध्ये हे जगासमोर आलं होतं. वेळ वाचवायला प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, आणि त्या अंदाजात कर्नलची गुप्त मेमरी झिरपते. चिप तर बदलता येत नाही, म्हणून कर्नलने स्वतःचा मेमरीचा नकाशा प्रोग्रामच्या नकाशापासून वेगळा केला. आता प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं की नकाशा बदलायचा, काम झालं की परत बदलायचा. नंतरच्या चिपमध्ये पीसीआयडी नावाची सोय आहे, त्यामुळे नकाशा बदलला तरी आधीचं लक्षात राहतं. काउंटरवरच्या आय3 मध्ये ती आहे. कोअर टू मध्ये नाही. तिचं म्हणजे तलाठी कार्यालयासारखं, दर खेपेला पहिल्यापासून ओळख पटवा. चूक चिपची, दुरुस्ती सिस्टीमची, आणि दंड सरावाला बसलेल्या पोराला.

लिनक्स कितीही जुन्या मशीनवर कायम चालतं, हाही एक गोड गैरसमज. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये ज्या 386 वर हा कर्नल लिहायला घेतला, त्या 386 चा आधार कर्नलमधून 2012 मध्येच काढला गेला. आणि ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं, त्यात 32 बिटच्या जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. माझी कोअर टू 64 बिटची आहे म्हणून वाचली.

तिसरी वस्तू रास्पबेरी पाय 4. हातावर मावणारा बोर्ड, पण अख्खा कॉम्प्युटर, त्यात एआरएमचे चार कोअर, फोनात असतात त्या जातीचे. गिऱ्हाइकांच्या स्कॅन केलेल्या फायली ठेवायला आणि दुसरा स्क्रीन चालवायला घेतला. प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर मोजलं, डेस्कटॉप मॉनिटरसकट साठ वॅटच्या वर जातो, पाय पाच-सहा वॅटमध्ये भागवतो. एप्रिलच्या दुपारी लाइट चार तास गेली की इन्व्हर्टरवर हा फरक फार मोठा. पंखा आणि पाय चालू ठेवायचा, डेस्कटॉप बंद.

पण मी त्याला मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह यायचं, मला वाटायचं चार्जिंग चालू आहे. ते 'व्होल्टेज कमी पडतंय' असं सांगत होतं. त्याला 5 व्होल्टवर 3 अँपिअरचा पुरवठा लागतो. त्यात लाइटचं येणं-जाणं. दोन मेमरी कार्ड गेली, दुसऱ्यात तीन महिन्यांची स्कॅन होती. आता नीट अडॅप्टर आहे आणि कार्डाऐवजी यूएसबीवरच्या एसएसडीवरून चालवतो.

दुसरी फजिती घड्याळाची. या बोर्डावर तारीख धरून ठेवणारा सेल नसतो, वेळ नेटवरून घेतो. एकदा लाइट आली पण नेट आलं नाही, मशीन जुन्याच तारखेवर उठली. नेट आल्या-आल्या मी घाईने पोर्टल उघडलं, तर सर्टिफिकेट अवैध असल्याचा इशारा. मला वाटलं सरकारी साइट हॅक झाली, दोघांना सांगूनही मोकळा झालो. शेवटी घड्याळाचं बोटाएवढं मॉड्यूल मागवून लावलं.

एसएमपीएसचं राहिलं. आमचा खारपाणपट्टा, जमिनीतली लोखंडी सळई क्षार खाऊन टाकतात, अर्थिंग दोन वर्षांत नावापुरती उरते. मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि मी थंडीला दोष द्यायचो. जूनच्या पहिल्या पावसात एसएमपीएस गेला तेव्हा वायरमनने सळई उपसून दाखवली, काडीएवढी राहिली होती. प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा असो, इकडे आधी तांब्याची सळई घाला.

दिवाळीत भाचा आला, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टचा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा बोर्ड आणला होता. म्हणाला, "मामा, तुमचं सॉफ्टवेअर ओपन आहे, याची तर चिपची भाषापण ओपन आहे." 2010 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेलं काम. एआरएमची चिप बनवायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात, ही भाषा वापरायला कोणालाच मोजावे लागत नाहीत. मद्रास आयआयटीतले 'शक्ती' प्रोसेसर यावरच आहेत, सी-डॅकचे 'वेगा' सुद्धा. डेबियन 13 ने तिला पहिल्यांदाच अधिकृत जागा दिली. ऐकून छाती फुगली.

चार दिवस तो बोर्ड काउंटरवर होता. डेबियन चाललं, लिब्रेऑफिस चाललं, मराठी चाललं, नवा प्रिंटर पहिल्या झटक्यात सापडला. ब्राउझर पायपेक्षा मंद. आणि ग्राफिक्सचा भाग? तो वेगळ्या कंपनीचा, त्याचा ड्रायव्हर बंद, बोर्डासोबत आलेल्या सिस्टीममध्येच नीट चालणारा. मी भाच्याला म्हटलं, "अरे, घर मोकळं अन् न्हाणीला कुलूप, असं झालं हे." तो म्हणाला, "पायमध्ये तरी काय मामा, सुरू होताना आधी बंद फर्मवेअरच चालतं." तेही खरंच.

निघायच्या आदल्या रात्री त्याला म्हटलं, एक करून बघ. अंगठ्याचं मशीन त्या बोर्डाला लावलं. लाल दिवा लागला. यूएसबीच्या यादीत त्याचं नावही दिसलं. भाच्याने काचेवर अंगठा ठेवला, धरून ठेवला, माझ्याकडे पाहिलं.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ते मशीन परत फोनला लावून ठेवलं.